छाटणीआधी डिझेलमधलं पाणी काढा, काउंटरवरची बाटली राहू द्या

निफाड, दिंडोरी, चांदवडकडे द्राक्षाच्या गोडी बहार छाटणीची गडबड सुरू होतेय आणि परतीचा पाऊस अजून डोक्यावर आहे. छाटणीनंतर तीन-चार पानांपासून फुलोऱ्यापर्यंतचा काळ डाऊनीचा, म्हणजे केवडा या बुरशीजन्य रोगाचा. या दिवसांत पावसाने दोन-तीन तासांची उघडीप दिली, तर त्या दोन-तीन तासांतच ब्लोअर (ट्रॅक्टरमागचं फवारणी यंत्र) बागेत फिरला पाहिजे. ट्रॅक्टर बंद पडतो तोही नेमका तेव्हाच. आधी गचके देतो, मग धूर टाकतो, मग निपचित. फिटर येईपर्यंत पाऊस पुन्हा धरतो, फवारणी दोन दिवस पुढे जाते आणि पानाखाली पांढरी बुरशी दिसायला लागते. पुढे कितीही महागाचं औषध मारलं तरी गेलेला घड परत येत नाही.

अशा बंद पडलेल्या ट्रॅक्टरची टाकी तळातून उघडली की बहुतेक वेळा पाणीच निघतं. जूनपासून ते कुणी काढलेलं नसतं. म्हणून छाटणीची तारीख ठरवण्याआधी टाकी, सेडिमेंटर (डिझेलमधलं पाणी खाली बसवणारी फिल्टरआधीची वाटी) आणि डिझेलचा ड्रम, तिन्ही तळातून रिकामे करा. बाकी सगळं त्यानंतर.

दुकानात मात्र वेगळंच ऐकायला मिळतं. "आता बीएस-6 डिझेल आलंय, त्यात गंधक नाही, डिझेल कोरडं झालंय, पंप घासतो, ही बाटली टाका." यात थोडं खरं आहे आणि त्या थोड्याच्या आधारावर डिझेलमध्ये टाकायच्या वंगणाची बाटली विकली जाते. डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा 2010 मध्ये 350 पीपीएम (दहा लाख भागांत 350 भाग) होती. एप्रिल 2017 पासून ती देशभर 50 झाली आणि 1 एप्रिल 2020 पासून 10, हेच बीएस-6. गंधक काढताना रिफायनरीत डिझेलवर हायड्रोजनची प्रक्रिया होते. त्या प्रक्रियेत पोलादावर पातळ थर धरून ठेवणारे काही घटकही निघून जातात. म्हणजे वंगण देत होते ते हे घटक, गंधक नव्हे. हे तेल कंपन्यांनाही माहीत आहे. म्हणून डेपोतून टँकर निघण्याआधीच डिझेलमध्ये वंगण टिकवणारा घटक पीपीएमच्या मापात घातलेला असतो. आयएस 1460 या मानकात त्याची चाचणीच आहे : डिझेलमध्ये बुडवलेली पोलादी गोळी पोलादी चकतीवर घासतात आणि पडलेला व्रण 460 मायक्रॉनच्या आत असावा लागतो. मनमाडच्या पानेवाडी डेपोतून तुमच्या पेट्रोल पंपावर येणारं डिझेल या मापात बसलेलंच असलं पाहिजे. बाटलीने त्यात फार काही भर पडत नाही.

पाणी मात्र हे सगळं वंगण एका रात्रीत फोल ठरवतं. ट्रॅक्टरच्या डिझेल पंपातला सरकता दांडा (प्लंजर) आणि त्याची नळी (बॅरल) यांच्यातली फट दोन ते चार मायक्रॉनची असते. तिथे पाण्याचा थेंब शिरला की डिझेलचा थर तुटतो आणि पोलाद पोलादावर घासतं. ट्रॅक्टर चार दिवस उभा राहिला तर तिथेच गंज धरतो आणि प्लंजर अडकतो. नोझलच्या टोकाशी पोचलेल्या पाण्याची उष्णतेने वाफ होऊन टोक खराब होतं. रोटरी पंपात तर आतल्या प्रत्येक फिरत्या भागाला वंगण डिझेलचंच असतं, तिथे नुकसान आणखी लवकर.

पाणी येतं कुठून, ते नीट पाहा. टाकी अर्धी ठेवून ट्रॅक्टर उघड्यावर लावला की रात्री हवेतला दमटपणा टाकीच्या पत्र्यावर आतून जमतो. टाकीच्या झाकणाचं रबर कडक झालेलं असतं आणि ब्लोअर धुताना पाण्याचा झोत नेमका त्यावर बसतो. ड्रमचं तर आणखी विचित्र. उभ्या ड्रमच्या डोक्यावर पावसाचं पाणी साचतं, दिवसा ड्रम तापतो, रात्री गार होताना आत ओढ निर्माण होते आणि ते पाणी बुचाच्या आट्यांमधून आत जातं. बूच घट्ट असलं तरी जातं. ड्रम आडवा ठेवा, दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत डावी-उजवीकडे येतील असा. वर पत्रा टाका. उभाच ठेवायचा असेल तर एका कडेखाली वीट सरकवा, म्हणजे पाणी बुचापासून लांब साचेल.

आणखी एक सवय इथे फार नुकसान करते : औषधाच्या रिकाम्या कॅनमधून डिझेल आणणं. कॅन तीन वेळा धुतला तरी स्टिकर-स्प्रेडरचा (औषध पानावर पसरवून चिकटवणाऱ्या द्रवाचा) अंश राहतो. स्प्रेडरचं काम म्हणजे पाणी पसरवणं. डिझेलमध्ये तो पाण्याचे थेंब इतके बारीक करतो की सेडिमेंटरमध्ये पाणी खाली बसतच नाही, डिझेलबरोबर थेट पंपात जातं. फवारणीचं नरसाळंही डिझेलला वापरू नका. डिझेलचा कॅन, नरसाळं, जाळी वेगळी आणि त्यावर रंगाचा पट्टा. जस्ताचा मुलामा असलेली भांडी आणि तांबे-पितळेची नळीसुद्धा साठवणीला नको, त्यांच्यामुळे डिझेल लवकर बिघडतं.

पाणी काढण्याची वेळ पहाटेची, स्टार्टर मारण्याआधी. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरमध्ये पाणी तळाला बसलेलं असतं; एकदा इंजिन चाललं की ते पुन्हा ढवळलं जातं. पारदर्शक बाटली धरून सेडिमेंटरचा खालचा स्क्रू सैल करा आणि कपभर तरी सोडा. बाटली अर्धा तास उभी ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर पाणी. थर नाही पण डिझेल धुरकट, तरी पाणीच. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर काळपट, बुळबुळीत, कुबट वासाचा थर दिसला तर ती बुरशी आहे. मग नुसतं पाणी सोडून भागत नाही. टाकी उतरवून स्वच्छ करावी लागते आणि दोन्ही फिल्टर बदलावे लागतात. मान्सूननंतर टाकीचा तळाचा प्लगही एकदा पूर्ण उघडा. छाटणी ते फुलोरा सेडिमेंटर सोडण्याचं काम रोज, पुढे आठवड्यातून एकदा. संध्याकाळी काम संपलं की टाकी भरून ठेवा.

ड्रममध्ये नवं डिझेल ओतल्यावर एक रात्र निवू द्या. उपसण्याच्या नळीचं तोंड तळापासून चार बोटं वर राहील असं बांधा. ज्या डिझेलने पावसाळा ड्रममध्ये काढला ते या हंगामात ब्लोअरच्या ट्रॅक्टरला देऊ नका.

टू-टी ऑइलबद्दल (टू-स्ट्रोक इंजिनच्या तेलाबद्दल) बरेच जण विचारतात. जुन्या रोटरी पंपाच्या ट्रॅक्टरला काही मिस्त्री वीस लिटरला 100 मिली टू-टी टाकायला सांगतात. आवाज थोडा मऊ होतो, असा अनुभव आहे. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये हे सहसा नसतं. जुन्या यंत्राला करायचंच असेल तर त्याहून जास्त नको. 50 एचपीच्या वरच्या, जानेवारी 2023 नंतरच्या ट्रेम-4 (ट्रॅक्टरच्या धुराचं नवं मानक) ट्रॅक्टरला मात्र एक थेंबही नाही : त्यांच्यात धूर साफ करणारी यंत्रणा असते आणि तेलाच्या राखेने ती चोंदते. कमी गंधकाचं डिझेल या यंत्रणेसाठीच आणलं गेलं, कारण गंधकाने तिच्यातलं उत्प्रेरक निकामी होतं. म्हणूनच रॉकेल आणि रस्त्याकडेला 'बायोडिझेल' म्हणून मिळणारं स्वस्त तेल दोन्ही वर्ज्य. रॉकेल पातळ असतं, वंगण देत नाही. त्याने खरोखर पंप घासतो आणि दोष मात्र बीएस-6 वर जातो.

जुन्या ट्रॅक्टरची एक तक्रार मात्र खरी असू शकते. वर्षानुवर्षं जुन्या डिझेलमध्ये फुगून बसलेली रबराची ओ-रिंग नव्या डिझेलमध्ये आकसते आणि पंपाच्या सांध्यातून ओल येते. सांधा बाहेर डिझेल सोडत असेल तर तिथूनच आत हवाही जाते. ओ-रिंगचा संच विटॉनचा (डिझेलला टिकणाऱ्या रबराचा) टाका. काम किरकोळ आहे, त्यासाठी अख्खा पंप बदलू नका.

ऐकायचं कुणाचं, हे प्रश्नावर अवलंबून. डिझेल बरोबर आहे का, हे पेट्रोल पंपावरचा हायड्रोमीटर (घनता मोजायचं साधन) सांगेल. घनता मोजून दाखवा म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. 15 अंशांवर आणलेली घनता नोंदवहीतल्या आकड्यापेक्षा 3 किलो प्रति घनमीटरहून जास्त वेगळी असेल तर भरू नका. ट्रॅक्टरचा पंप गेला की नाही, हे टेस्ट बेंच असलेल्या कॅलिब्रेशनवाल्याला विचारा, काउंटरवरच्या माणसाला नको. त्याच्याकडून प्रत्येक नोझलचं उघडण्याचं प्रेशर आधीचं आणि नंतरचं लिहून घ्या, जुना प्लंजर परत मागा आणि उन्हात धरून पाहा. तांबूस ठिपके म्हणजे पाणी. उभ्या बारीक रेघा म्हणजे धूळ, फिल्टर निकृष्ट. चकचकीत ओरबाडल्यासारखा डाग म्हणजे वंगण तुटलं, तेव्हा रॉकेलची चौकशी करा. सर्व्हिसच्या तासांच्या बाबतीत कंपनीचं मॅन्युअल प्रमाण. फक्त फिल्टरबाबत आमचा अंदाज मॅन्युअलच्या पुढे जातो : तास भरले नसले तरी पावसाळा संपताना दोन्ही डिझेल फिल्टर बदला. बाटलीचे पैसे अस्सल फिल्टरला लावा.

छाटणीआधीची नेहमीची कामं :
– इंजिन ऑइल मॅन्युअलच्या तासांप्रमाणे. गंधक कमी झालं म्हणून तास वाढवू नका, धूळ तेवढीच आहे
– एअर क्लीनर
– फॅन बेल्ट, रेडिएटरची जाळी
– बॅटरीचे टर्मिनल
– पीटीओ शाफ्टचं (ट्रॅक्टरमधून ब्लोअर फिरवणाऱ्या दांड्याचं) ग्रीस, गार्ड
– ब्लोअरचे नोझल, प्रेशर गेज
– पिकअपला डीईएफची (धूर साफ करणाऱ्या युरियाच्या द्रावणाची) टाकी असेल तर सीलबंद डीईएफच. शेतातला निमकोटेड युरिया पाण्यात विरघळवून कधीही नाही

फवारणी चालू असताना ट्रॅक्टर बंद पडलाच, तर स्टार्टर सारखा मारत बसू नका. दहा सेकंद मारा, मग अर्धा मिनिट थांबा. आधी सेडिमेंटर तळातून सोडा. मग फिल्टरवरचा एअरचा स्क्रू दोन आटे सैल करून हँड प्रायमर (हाताने मारायचा छोटा डिझेल पंप) मारा, बुडबुडे थांबून सलग धार आली की स्क्रू आवळा, आणि हेच पंपावरच्या स्क्रूला करा. जुन्या पंपाचे नोझलकडचे नट अर्धा आटा सैल करून एअर काढता येते, पण धारेजवळ बोट नेऊ नका. त्या दाबाचं डिझेल कातडीत शिरतं. कॉमन रेलच्या (फार जास्त दाबाच्या नव्या इंधन यंत्रणेच्या) ट्रॅक्टरचे हे नट कधीही सोडू नका, सर्व्हिसवाल्यालाच बोलवा. अर्ध्या तासात सुरू झाला नाही तर ब्लोअर सोडवून शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला जोडा आणि कालवलेली औषधाची टाकी त्याच दिवशी मारून संपवा. मॅन्कोझेबचं द्रावण रात्रभर ठेवलं की तळाला बसतं आणि सकाळी नोझल चोंदतात.