दोऱ्याने मोजा मॅकेन्झी नदी

इंदूरला रामबागेत आमच्या घरी सुट्टीत मुलं जमली की मी त्यांना एक दूरची नदी 'चालायला' लावते. कॅनडाच्या उत्तर टोकाची मॅकेन्झी. तुम्हीही करून बघा.

भिंतीवरचा नकाशा नको, पृथ्वीगोल घ्या. मर्केटर पद्धतीचा सपाट नकाशा साठ अंश अक्षांशाच्या वर लांबी दुपटीहून अधिक ताणून दाखवतो, आणि मुलांची फसगत होते. शिवणाचा दोरा ओला करून ग्रेट स्लेव्ह सरोवरापासून ब्यूफोर्ट समुद्रापर्यंत वळणावळणाने बसवा. तीस सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर तो चार सेंटिमीटरच्या आसपास भरतो. प्रत्यक्षात ते १,७३८ किलोमीटर!

मग विचारा, पाणी कुठल्या दिशेला जातं? उत्तरेला! आपली कान्ह नदी उत्तरेला क्षिप्रेकडे जाते, त्यामुळे इंदूरच्या मुलांना हे चटकन उमगतं. पण इथे एक गंमत आहे. वसंतात दक्षिणेकडचा, म्हणजे उगमाकडचा बर्फ आधी सुटतो आणि मुखाकडचा अजून गोठलेलाच असतो. सुटलेले तुकडे तिथे अडून पूर येतो. ताटात बर्फ रचून हे नक्की दाखवा.

शेवटी नावं, दोऱ्याशेजारी चिठ्ठ्यांवर. अलेक्झांडर मॅकेन्झी १७८९ मध्ये या नदीने आर्क्टिकपर्यंत गेला, त्याचं नाव नदीला मिळालं. पण काठच्या डेने लोकांची ती 'डेहचो', म्हणजे मोठी नदी. ही चिठ्ठी मी आधी लावायला सांगते, कारण ते नाव आधीचं आहे.