इलेक्ट्रिक रोड बाईकवर ग्रॅव्हल राईड: शनिवारी तयारी, रविवारी खडी

इलेक्ट्रिक रोड बाईक बनते डांबरी रस्त्यासाठी, पण थोडी तयारी केली तर खडी-मुरमाच्या रस्त्यावरही ती झकास चालते. टायर रुंद हवा हे बहुतेकांना ठाऊक असतं. फसगत होते ती बॅटरीच्या हिशेबात, म्हणून आधी तोच करू.

१. बॅटरी: किलोमीटर नको, चढ मोजा

बऱ्याच देशांत पेडल-असिस्ट (पेडल मारताना मोटरची मदत मिळणाऱ्या) सायकलची मोटर ताशी २५ किलोमीटरच्या पुढे मदत करत नाही. सपाट डांबरावर आपण बराच वेळ त्याच्या आसपास किंवा वरच असतो, त्यामुळे मोटर निवांत असते आणि बॅटरी पुरून उरते. खडीवर वेग १५ ते २० वर येतो आणि मोटरला उसंत मिळत नाही. डांबरी रस्त्यावर ८० किलोमीटर जाणारी सायकल इथेही तेवढीच जाईल, या भरवशावर निघू नका.

तुम्ही, सायकल, पाणी आणि सामान मिळून १०० किलो धरा. एवढं वजन १०० मीटर उंच न्यायला साधारण २७ वॉट-तास (ऊर्जेचं माप) लागतात. त्यातले निम्मे तुमच्या पायांनी दिले तरी मोटरमध्ये उष्णतेपायी वाया जाणारे धरून बॅटरीतून १७-१८ जातात. म्हणजे दिवसभरात १००० मीटर चढ असेल, तर नुसत्या चढाईलाच सुमारे १८० वॉट-तास गेले. हलक्या इलेक्ट्रिक रोड बाईकच्या बॅटऱ्या अनेकदा २५० वॉट-तासांच्या आसपासच असतात, काही मोठ्या ४०० च्या पुढे. खडीची रखड, समोरचा वारा आणि थंडी आपापला वाटा उचलतातच. आदल्या रात्री मॅपवर एकूण चढाई बघा, शेवटचा मोठा चढ कुठे आहे ते बघा, आणि तिथे पोचेपर्यंत तरी बॅटरी हातची राखा. जमलं तर चढ जाताना आणि उतार येताना, असाच मार्ग निवडा. मध्येच पक्क्या रस्त्याला लागता येईल अशी एखादी वाटही हेरून ठेवा.

२. टायर

फ्रेममध्ये मावेल तेवढा रुंद टायर घ्या, पण दोन्ही बाजूंना किमान ४ मिमी जागा सोडून. चिखलात अडकलेला एखादा खडा त्या फटीत फिरत राहिला की फ्रेमचा रंग खरवडून काढतो. बऱ्याच रोड बाईकमध्ये ३२ ते ३५ मिमी बसतो. ट्यूबलेस केलात तर उत्तम. ३५ मिमी टायर आणि ७०-७५ किलोचा चालक असेल तर पुढे ३५-३८ आणि मागे ३८-४२ पीएसआय हवेपासून सुरुवात करा. ट्यूब असेल तर पाचेक पीएसआय जास्त भरा, नाहीतर दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चिमटते. मोटर मागच्या चाकात असेल तर मागे भार आणखी जास्त, तिथे हवेत कंजुषी नको.

३. मागचं चाक एकदा घरी काढा

हे काम सगळे टाळतात. चाकातली मोटर असेल तर एक्सलजवळ वायरचा जोड असतो, तो सोडवल्याशिवाय चाक निघत नाही, आणि नट खोलायला बहुधा वेगळा पाना लागतो. जोडाच्या दोन्ही बाजूंवरची खूण किंवा बाण नीट बघून ठेवा. परत लावताना ते जुळले नाहीत तर जोर लावू नका, पिना वाकतात. तो पाना, ट्यूब, पंप आणि ट्यूबलेसचं भोक बुजवायचे प्लग पिशवीत टाका.

४. रस्त्यावर

सुरुवातीला असिस्ट सगळ्यात खालच्या पातळीवर. सुट्या खडीच्या चढावर थांबून पुन्हा निघताना तर नक्कीच, कारण मोटरचा जोर एकदम आला की मागचं चाक जागच्या जागी फिरतं. हलका गिअर, पेडल एकसारखं, आणि बूड सीटवरच. उभं राहिलात की मागचा भार कमी होतो आणि पकड सुटते.

उतारावर हात हँडलच्या खालच्या वळणावर, कोपर सैल. साध्या रोड बाईकपेक्षा ही तीन-चार किलोंनी जड असते, त्यामुळे थांबायला जास्त अंतर घेते. वळणाच्या आधीच ब्रेक मारून मोकळे व्हा. वळणात पुढचा ब्रेक दाबला तर खडीवर चाक सरकलंच म्हणून समजा.

५. परतल्यावर

जोरदार फवाऱ्याने धुऊ नका, मोटर आणि बेअरिंगमध्ये पाणी शिरतं. बादली आणि ब्रश पुरे. चेन पुसून तेल द्या, हादऱ्यांनी सैल झालेले बोल्ट तपासा. बॅटरी गरम असेल तर निवल्यावरच चार्जिंगला लावा. पुढची राईड बऱ्याच दिवसांनी असेल तर निम्म्याच्या आसपास चार्ज करून ठेवा, आणि उरलेली निघायच्या आदल्या रात्री भरा.