टेबलात उतरंड कशी मांडावी

रिलेशनल डेटाबेसमधली (म्हणजे माहिती ओळी आणि कॉलमांच्या टेबलांत ठेवणाऱ्या डेटाबेसमधली) टेबले सपाट असतात, माहिती मात्र पुष्कळदा उतरंडीची असते. महाराष्ट्राची महसुली रचनाच पाहा: राज्याखाली ६ विभाग, ३६ जिल्हे, ३५८ तालुके आणि त्यांखाली ४० हजारांहून अधिक गावे.

सुरुवात साध्या मांडणीने करावी. एकच 'प्रदेश' टेबल घेऊन त्यात क्रमांक, नाव, स्तर आणि पालक हे कॉलम ठेवावेत; पालक कॉलममध्ये वरच्या घटकाचा क्रमांक असतो आणि राज्याच्या ओळीत तो नल, म्हणजे रिकामा राहतो. या कॉलमला त्याच टेबलाकडे निर्देश करणारी फॉरेन की लावावी, म्हणजे टेबलात नसलेला क्रमांक पालक म्हणून घालता येत नाही. पालक कॉलमवरचा इंडेक्स (ओळी लवकर शोधून देणारी सूची) पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस आपणहून तयार करत नाही, त्यामुळे तो आठवणीने करावा.

एखाद्या जिल्ह्याखालची सगळी गावे काढण्यासाठी 'विथ रिकर्सिव्ह' क्वेरी, म्हणजे स्वतःच्याच निकालावर पुन्हा पुन्हा चालणारी क्वेरी लिहावी. तिच्या पहिल्या भागात जिल्ह्याची ओळ निवडली जाते, तर दुसऱ्या भागात आधीच्या फेरीत मिळालेल्या ओळींचे क्रमांक ज्यांच्या पालक कॉलममध्ये आहेत त्या ओळी जोडल्या जातात; दोन्ही भागांच्या मध्ये त्यांचे निकाल एकत्र करणारे 'युनियन ऑल' असते आणि एखाद्या फेरीत नवी ओळ मिळाली नाही की क्वेरी थांबते. जोडणीची अट उलटी केली, की गावापासून राज्यापर्यंत वर चढता येते. ही सोय पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ८.४ पासून (२००९) आणि मायएसक्यूएलमध्ये ८.० पासून (२०१८) आहे. चुकून एखादा घटक स्वतःचाच पूर्वज ठरला तर क्वेरी फिरतच राहील, म्हणून किती पातळ्या ओलांडल्या तो आकडा सोबत मोजून त्याला मर्यादा घालावी.

वाचन फार आणि बदल क्वचित असतील, तर प्रत्येक ओळीत '१/४/२७/' असा पूर्ण मार्ग साठवता येतो. शेवटची तिरपी रेघ गाळू नये. ती नसेल तर '१/४' ने सुरू होणारे मार्ग शोधताना '१/४२' सुद्धा हाती लागतो. दुसरा पर्याय वेगळ्या क्लोजर टेबलाचा: त्यात प्रत्येक पूर्वज-वंशज जोडीची स्वतंत्र ओळ असते, म्हणजे स्वतःशी असलेली जोडी धरून आपल्या रचनेत गावागणिक पाच ओळी. तिसरी, नेस्टेड सेट पद्धत प्रत्येक घटकाला डावा आणि उजवा असे दोन क्रमांक देते आणि वंशजांचे क्रमांक त्या दोहोंच्या मध्ये येतात; ती वाचायला वेगवान आहे, पण बदलत्या माहितीसाठी मी ती सुचवणार नाही.

याचे कारण पालघरच्या उदाहरणातून कळते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन ८ तालुक्यांचा पालघर जिल्हा झाला. साध्या मांडणीत त्यासाठी एक नवी ओळ आणि आठ ओळींतल्या पालक क्रमांकात बदल एवढेच पुरते, गावांच्या ओळींना हातही लागत नाही. मार्ग साठवले असतील तर त्या आठही तालुक्यांतल्या प्रत्येक गावाचा मार्ग बदलावा लागतो, आणि नेस्टेड सेटमध्ये तर ज्यांचा या विभाजनाशी संबंध नाही अशा घटकांचेही क्रमांक सरकतात.

मात्र २०११ च्या जनगणनेत हे तालुके ठाण्याखालीच आहेत. जुन्या आणि नव्या आकड्यांची तुलना करायची असेल, तर पालकाचे नाते वेगळ्या टेबलात नेऊन त्याला 'पासून' आणि 'पर्यंत' अशा दोन तारखा जोडाव्यात, आणि वरच्या क्वेरीच्या दोन्ही भागांत हव्या त्या दिवसाची अट घालावी.