जुन्या एमजीबीला इलेक्ट्रिक फॅन बसवताना
एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या सुरुवातीच्या गाड्यांचा फॅन इंजिनावरच फिरतो, त्यामुळे ट्रॅफिकमध्ये इंजिन मंद चाललं की वाराही कमी पडतो. इलेक्ट्रिक फॅन इथेच कामाला येतो. पण आधी, इंजिन पूर्ण थंड असताना, इंजिन ब्लॉकचा ड्रेन कॉक (थंडाव्याचं पाणी काढायची तोटी) काढून आत तार घाला. तिथे साचलेला गाळ कुठलाही फॅन काढणार नाही. फॅनसाठी रिले (जास्त करंट चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) आणि वेगळा फ्यूज हवाच. 1967 पर्यंतच्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या आहेत, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं, हे विसरू नका! वायरी उलट जोडल्या तर फॅन उलटा फिरतो आणि समोरून येणारी हवाच अडवतो. फॅन चालू करून रेडिएटरच्या पुढे कागदाचा कपटा धरा, तो आत ओढला गेला पाहिजे. थर्मोस्टॅट (इंजिनातल्या पाण्याचं तापमान राखणारा व्हॉल्व्ह) मात्र काढू नका.