ग्राफीनवर नायट्रोजन डायऑक्साइड मोजताय? या चुका टाळा

ग्राफीनवर, म्हणजे कार्बनच्या एक अणू जाडीच्या थरावर, वायूचा एकेक रेणू बसल्याचे कळू शकते, हे मँचेस्टर विद्यापीठाच्या गटाने २००७ मध्ये दाखवले. त्यानंतर ग्राफीनच्या चिपचा रेझिस्टन्स (विद्युतरोध) जरा हलला की ‘वायू सापडला’ म्हणायची घाई सुरू झाली. रेझिस्टन्स हलायला ग्राफीनला निमित्तच लागते.

सगळ्यात मोठे निमित्त बाष्पाचे. आपल्याकडे नायट्रोजन डायऑक्साइडची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ८० मायक्रोग्रॅम, म्हणजे २५ अंशांना साधारण ४३ पीपीबी (अब्जात ४३ भाग). त्याच तापमानाला ८० टक्के आर्द्रतेच्या हवेत पाण्याची वाफ भरते सुमारे २५,००० पीपीएम (दशलक्षात २५,००० भाग). वायूच्या जवळपास सहा लाख पट! तरीही चाचणी कोरड्या नायट्रोजनमध्ये उरकली जाते आणि सेन्सर मुंबईच्या जुलैत लावायची स्वप्ने पाहिली जातात. मोजायचा वायू ज्यात मिसळून सोडता, तो वाहक वायू म्हणून कृत्रिम हवा घ्या, कारण ऑक्सिजनही पृष्ठभागावर बसतो. मग बबलरने, म्हणजे हवा पाण्यातून बुडबुड्यांनी नेऊन, आर्द्रता ३०, ६०, ९० टक्के करत तोच डोस पुन्हा द्या. आणि एकदा वायू न सोडता नुसती आर्द्रता बदलून पाहा. हा आलेख बघायचे धाडस फार थोडे जण करतात.

रेझिस्टन्स उलट्या दिशेने जातोय? हवेतले ग्राफीन बहुधा पी-प्रकारचे असते, म्हणजे त्यात वीज वाहतात ते होल, इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा. नायट्रोजन डायऑक्साइड इलेक्ट्रॉन ओढतो, होल वाढतात, रेझिस्टन्स उतरतो, अमोनियाने चढतो. इलेक्ट्रॉनांनी वीज वाहणाऱ्या, एन-प्रकारच्या मॉलिब्डेनम डायसल्फाइडवर याच्या उलट. ग्राफीनवर वायू सोडताच रेझिस्टन्स चढला, तर आधी चिपवरून जाणाऱ्या वायूचा एकूण प्रवाह स्थिर आहे का बघा. हा प्रवाह वाढला की चिप थंड होते आणि रेझिस्टन्स त्यानेही हलतो.

वायू बंद केल्यावर रेझिस्टन्स मूळ पातळीवर (बेसलाइनवर) परत येत नसेल तर सेन्सर बिघडलाय असे नाही. हा वायू घट्ट चिकटतो. मँचेस्टरकरांनीही निर्वातात १५० अंशांना तापवून किंवा अतिनील प्रकाश टाकून पृष्ठभाग मोकळा केला होता. घाईने पुढचा डोस दिला की प्रतिसाद लहान येतो आणि त्यालाच ‘संपृक्तता’ म्हटले जाते. डोस चढत्या क्रमाने दिलात तर उतरत्या क्रमानेही द्या. दिवा मात्र जपून निवडा: १८५ नॅनोमीटरची रेषा सोडणारा मर्क्युरी दिवा हवेत ओझोन तयार करतो, आणि ओझोनही ग्राफीनमधले इलेक्ट्रॉन ओढतो. ३६५ नॅनोमीटरचा एलईडी बरा.

चिपवर नक्षी कोरण्याच्या लिथोग्राफीनंतर उरलेला रेझिस्टचा, म्हणजे त्यासाठी लावलेल्या पॉलिमरचा, थरही फसवतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या गटाने २००९ मध्ये तो काढला, तेव्हा प्रतिसाद वाढला नाही, उलट बराच घटला. वाफा धरून ठेवत होता तो रेझिस्टच.

वायू नळ्यांतही अडकतो, म्हणून सिलिकोन रबराच्या नळ्या काढून टेफ्लॉनच्या लावा.

शेवटी शोधमर्यादा, म्हणजे सेन्सरला ओळखता येणारी सर्वात कमी मात्रा. ५ पीपीएमला मोजायचे, आलेखाचा उतार आणि नॉइज (संकेतातला गोंधळ) यांवरून गणित मांडायचे आणि शीर्षकात ‘पीपीबी’ छापायचे, ही सवय सगळीकडे आहे. गणिताने आलेला आकडा जरूर द्या, पण प्रत्यक्ष सोडलेली सर्वात कमी मात्रा त्याच्या शेजारीच लिहा.