आंतरराष्ट्रीय व्यापार परिषद भरवताय? वाटाघाटीत यजमानाच्या या चुका टाळा

आपल्या खान्देशात पाहुणा आला की आधी भरीत-भाकरी, मग कामाचं बोलणं. त्यामुळे परिषद भरवायची म्हटली की आपलं सगळं डोकं हॉल, मंडप, जेवण, शाली-श्रीफळ यातच जातं. मी जळगावचा, कापसाच्या धंद्यातला, अशा दोन-तीन परिषदांमध्ये फाइली वाहण्यापासून मसुदा टाईप करण्यापर्यंत सगळं केलंय, आणि त्यात एकदा असा तोंडावर आपटलोय की ते सांगितल्याशिवाय पुढचं काही सांगता येणार नाही.

पाच देशांचे कापूसवाले आले होते. मुद्दा एकच अडलेला, गाठीत ओलावा किती चालेल आणि तो मोजायचा कुठे, आमच्या जिनिंगवर, म्हणजे सरकी काढून गाठी बांधतात तिथे, की त्यांच्या बंदरावर. दुपारी आमच्यातल्या एका हुशार माणसाने डोकं चालवलं की मोठे दोन खरेदीदार आणि आपण बाजूच्या खोलीत बसून मिटवून टाकू, तोवर बाकीच्यांना बसने ठिबकवरची केळीची बाग दाखवून आणू. सगळ्यांना पटलं, मलाही पटलं, खोटं कशाला बोलू. खोलीत खरंच मिटलं. चार वाजता बस परत आली तेव्हा प्रत्येक खुर्चीवर छापलेला कागद ठेवलेला. पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या लोकांचे प्रमुख, वयस्कर गृहस्थ, फ्रेंच बोलणारे, त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, कागद शांतपणे वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि दुभाष्यामार्फत एवढंच विचारलं, हे कधी ठरलं?

कागदात त्यांच्या तोट्याचं अक्षरही नव्हतं हो! तरी नाही म्हणाले. आमचे अमळनेरचे काका असेच, वाटणी त्यांच्या फायद्याची होती तरी वर्षभर सही केली नाही, का तर “माले कोणी इचारं नही”. तेव्हा मला काकांचा राग यायचा, त्या दिवशी काका कळले.

तर पहिली आणि सगळ्यात महाग चूक ही, काही लोकांना बाहेर ठेवून ठरवणं. आणि ही आपल्यासारख्या नवख्यांचीच चूक आहे असं नाही. १९९९ ला सिएटलमध्ये जागतिक व्यापार संघटनेची मंत्री परिषद झाली, बाहेर रस्त्यावर निदर्शनं एवढी की उद्घाटनाचा कार्यक्रमच रद्द करावा लागला, सगळ्यांना तेच आठवतं. पण आत काय झालं ते जास्त शिकण्यासारखं आहे. मोजक्या देशांना घेऊन बंद खोलीत बसायचं, याला तिकडे ग्रीन रूम म्हणतात, आणि बाहेर राहिलेल्या आफ्रिकन देशांनी शेवटी लेखी सांगून टाकलं की या पद्धतीने ठरलेल्या गोष्टीला आमची संमती धरू नका. तिथला नियम असा की बैठकीला हजर असलेल्या एकाही सदस्याने औपचारिक हरकत घेतली नाही तरच एकमत झालं. आज सदस्य १६६ आहेत. म्हणजे १६५ ची मान हलली आणि एकाने हरकत घेतली, तर कागद तिथेच राहिला.

आता छोटी खोली लागतेच, दीडशे माणसं मिळून एक वाक्य लिहू शकत नाहीत, त्यामुळे “आमच्याकडे सगळं खुलं” असली भाषणं करू नका, कोणी खरं मानत नाही. फक्त खोलीत कोण बसणार आणि कोणाच्या वतीने बसणार ते आधी सगळ्यांसमोर सांगा. बाहेर आल्यावर त्याच संध्याकाळी सगळ्यांना तोंडी सांगा. कागदावर वर तारीख, वेळ आणि मोठ्या अक्षरात “मसुदा”, आणि जिथे एकमत नाही ते शब्द चौकोनी कंसात. कंस पाहिला की माणसाला कळतं, अजून आपल्याला बोलायला जागा आहे. आमच्या त्या कागदात एकही कंस नव्हता, वर लॅमिनेशन करायचं चाललं होतं.

दुसरं म्हणजे अध्यक्षाच्या खुर्चीत बसून स्वतःचा माल विकू नका. सिएटलला अमेरिकेच्या शार्लीन बर्शेफ्स्की परिषदेच्या अध्यक्ष पण होत्या आणि अमेरिकेच्या वाटाघाटी पण त्याच करत होत्या, मग समोरच्याने त्यांचं कुठलं वाक्य पंचाचं समजायचं आणि कुठलं खेळाडूचं? यजमान म्हणून तुमचंही काही हित असणारच, ते मांडायला दुसरा माणूस बसवा, वेगळ्या टेबलावर, वेगळ्या पाटीमागे. याच्या उलट याच संघटनेची दोहाची परिषद, २००१. आपले तेव्हाचे वाणिज्यमंत्री मुरासोली मारन गुंतवणूक, स्पर्धा वगैरे नवीन विषय घ्यायला तयारच नव्हते, परिषद एक दिवस लांबली, तर कतारचे मंत्री युसुफ हुसेन कमाल अध्यक्ष होते, त्यांनी मसुद्याला हात न लावता शेवटी एक खुलासा वाचून दाखवला की या विषयांवर वाटाघाटी सुरू करायला सगळ्यांचं उघड एकमत लागेल. भारताला तेवढं पुरलं. मसुदा बदलता येत नसेल तर अध्यक्षाचा खुलासा इतिवृत्तात घ्यायचा, ही युक्ती लक्षात ठेवा.

मसुद्यातल्या भाषेचं काय होतं ते मात्र कापूसवाल्याला विचारा. याच संघटनेची पुढची परिषद, २००३, मेक्सिकोतलं कान्कुन. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली हे चार गरीब देश म्हणत होते, श्रीमंत देश, त्यातही अमेरिका, आपल्या कापूसवाल्यांना अनुदान देतात आणि त्यात आमच्या शेतकऱ्याचा भाव पडतो, ते बंद करा. १३ सप्टेंबरला मसुदा आला, त्यात अनुदानाचं ठोस काही नाही, उलट कापसावर अवलंबून असलेल्या देशांनी दुसरीकडे वळावं, त्यासाठी मदत मिळेल असा सूर. विचार करा, कापसाला भाव नाही म्हणून कोणी धरणगावात येऊन सांगितलं, भाऊ कापूस कशाला लावता, तर काय होईल? दुसऱ्या दिवशी अध्यक्ष देर्बेझ यांनी आधी ते गुंतवणूक, स्पर्धा वगैरे नवीन विषयच घेतले, त्यावर तिढा सुटेना म्हणून परिषदच गुंडाळली, शेतीचा नंबर आलाच नाही. मला विचाराल तर बहुतेक लोक ज्यासाठी एवढ्या लांबून आलेत तो विषय शेवटच्या दुपारवर टाकूच नये. आणि मसुदा वाटण्याआधी ज्याच्याबद्दल परिच्छेद आहे त्याला तेवढा परिच्छेद तरी वाचायला द्या!

वेळेचं गणित. अशी परिषद ठरल्या दिवशी संपली असं क्वचितच होतं. व्यापार संघटनेचीच बाली २०१३ लांबली, जिनिव्हा २०२२ लांबली, अबुधाबी २०२४ ची २६ ते २९ फेब्रुवारी ठरली होती ती २ मार्चवर गेली. म्हणून हॉल, जनरेटर, चहावाला, सगळं एक दिवस जास्तीचं बुक करा. दुभाषे तर नक्कीच, एका केबिनमध्ये दोघं असतात आणि अर्ध्या-अर्ध्या तासाने बदलतात, त्यांनाच रात्री दोन वाजेपर्यंत बोलायला लावलं तर चूक भाषेची होते आणि भांडण देशांचं. अजून एक, तिकीट बदलणं श्रीमंत देशाला सोपं असतं, छोट्या देशाची दोन माणसं ठरलेल्या विमानाने निघून जातात आणि मागे त्यांच्याशिवाय ठरतं, म्हणजे परत आमची बसवालीच चूक. जळगावहून मुंबईला गाडीने जाऊन विमान पकडायचं असेल तर हे आणखी आधी मोजा. आणि मे महिन्यात ठेवूच नका, भुसावळचं ऊन पाहुण्याला दाखवायची गोष्ट नाही.

पाट्या आणि झेंडे छापायच्या आधी नावं अधिकृत यादीतूनच घ्या. व्यापार संघटनेत “देश” नाही “सदस्य” म्हणतात त्याला कारण आहे, तिथे हाँगकाँग वेगळा सदस्य आहे आणि तैवान “चायनीज तैपेई” या नावाने बसतो. गुगलवरून उचललेल्या एका पाटीने सकाळचं सत्र बुडू शकतं.

एवढं करूनही अडलंच तर? सगळ्यांना एकत्र बसवून परत परत तेच बोलायला लावू नका, भाषणं वाढतात फक्त. अध्यक्षाने एकेकाला वेगळं भेटायचं, सोबत टिपण घेणारा एकच माणूस, आणि “तुम्हाला काय हवंय” विचारण्यापेक्षा “यातला कुठला शब्द घरी दाखवता येणार नाही” ते विचारायचं. बऱ्याचदा भांडण पानभर दिसतं आणि अडलेला असतो एक शब्द. आणि एखादा परिच्छेद जुळणारच नसेल तर त्याच्यासाठी बाकीचं बुडवू नका. २०२३ ला जयपूरला जी-२० च्या व्यापारमंत्र्यांची बैठक आपणच भरवली, युक्रेनवर एकमत नव्हतं, तर जे जमलं ते आणि न जमलेल्याचा अध्यक्षांचा सारांश असा कागद निघाला. काहींना ती पळवाट वाटते. मला नाही वाटत, काम झालं ना.

आमचं काय झालं? खुर्च्यांवरचे सगळे कागद मी स्वतः मोजून परत गोळा केले, माफी मागितली, आणि रात्री नऊला हॉटेलच्या गच्चीवर त्या आफ्रिकन गृहस्थांसोबत चहा घेत बसलो, मध्ये दुभाषा. त्यांनी पेनाने एकच भर घातली, ओलावा बंदरावर मोजायचा “दोन्हीकडच्या माणसांसमोर”. खरेदीदारांनी सकाळी दहा मिनिटांत मान्य केलं, आणि खरं सांगू, ती अट आम्हालाच जास्त उपयोगाची होती. उठताना मी आपलं बोलायचं म्हणून विचारलं, केळीची बाग कशी वाटली? ते म्हणाले, चांगली होती, पण केळी आमच्या घरामागेही आहेत.