दोन पुस्तकं, एक नाव: लोकलमध्ये खेळायचा खेळ

संध्याकाळच्या बोरिवली फास्टमध्ये, आमच्या लेडीज डब्यात हा खेळ चालतो. कागद, पेन, फोन काही लागत नाही. दोन पुस्तकांची किंवा नाटकांची नावं घ्यायची आणि त्यांतून कुणीच न लिहिलेलं तिसरं पुस्तक काढायचं.

सुरुवात 'ची'पासून करा, ते सगळ्यात सोपं. 'श्यामची आई', 'बटाट्याची चाळ', 'माहीमची खाडी', 'वाऱ्यावरची वरात'. प्रत्येक नाव 'ची'पाशी तोडायचं आणि मागचा भाग दुसऱ्याला लावायचा. 'बटाट्याची खाडी', 'माहीमची वरात', 'श्यामची चाळ'. 'चे'ची मजा आणखी वेगळी. 'कऱ्हेचे पाणी'तलं पाणी एकवचनी, 'तुंबाडचे खोत'मधले खोत अनेकवचनी, पण प्रत्यय तोच. त्यामुळे 'तुंबाडचे पाणी' आणि 'कऱ्हेचे खोत' दोन्ही व्याकरणात चोख बसतात. मूळ नावातलं अक्षर बदलायचं नाही, हा नियम मी कुणालाही मोडू देत नाही. 'गारंबीचा बापू'वरून केलेला 'माहीमचा बापू' बाद! तिथे 'ची'चा 'चा' करावा लागतो.

हात बसला की अक्षरावर या. एका नावाचं शेवटचं अक्षर हेच दुसऱ्याचं पहिलं असलं पाहिजे, आणि ते एकदाच उच्चारायचं. वपुंचं 'वपुर्झा' आणि विश्वास पाटलांची 'झाडाझडती' एकत्र आली की 'वपुर्झाडाझडती' होतं. 'युगंधर' आणि 'रणांगण' मिळून 'युगंधरणांगण'. 'मृत्युंजय' आणि 'ययाति' मिळून 'मृत्युंजययाति'. दोन्ही कादंबऱ्या महाभारतातल्या माणसांवरच्या, म्हणून ही जोडी मला फार आवडते. 'शितू' आणि 'तुंबाडचे खोत' घेतलं की वाद होतो, कारण एक तू दीर्घ, दुसरा ऱ्हस्व आणि वर अनुस्वार. मी तो सांधा मान्य करते. डब्यातला खेळ कानाचा आहे.

कधी एक नाव दुसऱ्याच्या पोटातच सापडतं. 'स्वामी'त 'तो मी नव्हेच'मधला 'मी' आहे, म्हणून 'तो स्वामी नव्हेच'.

पण नाव जुळलं म्हणजे अर्धाच डाव झाला. ज्याने नाव केलं त्याने पुढचं स्टेशन येईपर्यंत त्या पुस्तकाची गोष्ट सांगायची, आणि तिच्यात दोन्ही पुस्तकांतलं काहीतरी खरंखुरं असलं पाहिजे. 'श्यामची चाळ' घ्या. श्याम रोज रात्री आईची एक आठवण सांगतो. ऐकायला सगळी बिऱ्हाडं जमतात, जागा पुरत नाही, आणि चाळकरी 'गच्चीसह झालीच पाहिजे' म्हणून आंदोलन उभारतात. आठवणींच्या रात्री साने गुरुजींच्या, गच्ची पुलंची. 'तो स्वामी नव्हेच'मध्ये पेशव्यांच्या दरबारात एक माणूस उभा राहतो आणि प्रत्येक साक्षीदार त्याला वेगळ्याच नावाने ओळखतो. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया खरंच उभा राहिला होता, त्यामुळे ही गोष्ट इतिहासालाही सोडून जात नाही. पुस्तकं वाचलेली नसतील तर इथे अडायला होतं. आमच्यातल्या एका काकूंनी 'रणांगण' याच अडचणीपायी वाचायला घेतलं. नावावरून त्यांना लढाई वाटली होती. निघाली बोटीवरची प्रेमकथा, 1939 सालची. मग त्यांनी रचलेल्या 'युगंधरणांगण'मध्ये कृष्ण बोटीने युरोपातून परत येत होता.

वेळ मोजायला स्टेशनं पुरतात. मुंबई सेंट्रल ते दादर बेताचं अंतर आहे. दादर ते अंधेरी नवख्यांना द्या.

घरी मुलांबरोबर खेळायचं असेल तर तोडजोड नको, पुस्तकंच एकावर एक रचा आणि कण्यांवरची नावं वरून खाली वाचा. अमेरिकेतली कलाकार नीना कॅचाडूरियन 1993 पासून पुस्तकं अशी रचून त्यांचे फोटो काढते. आमच्या कपाटात 'झाडाझडती', तिच्याखाली 'शांतता! कोर्ट चालू आहे' आणि तळाला 'तो मी नव्हेच' ठेवलं, तर पोलीस स्टेशनपासून कोर्टापर्यंत आख्खा खटला उभा राहिला. इथे चार नावांच्या वर जाऊ नका, ओळ सैल पडते.

'कोसला' मात्र आमच्याकडे अजून एकटंच आहे. 'ला'ने सुरू होणारं आणि ज्याची गोष्ट 'कोसला'च्या नायकाला, पांडुरंग सांगवीकरला पेलेल असं नाव हवंय. सुचलं तर कळवा.